सीटच्या डाव्या अंगाला

चालू होतो, ऑल्वेनबाई म्हणाल्या,
बाराएक मिनिटं नीट चालतो,
मग दम लागल्यासारखा खोकतो आणि बसतो.
मागचे हात तर उचलतच नाही. मार्चपासून.

मार्चपासून म्हणजे आयव्हर गेल्यापासून.
ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.
किंग्टनच्या वर टेकाडावर त्यांची सफरचंदं,
सायडरची, खायला तुरट.
झाडांमधे चौसष्ट सालचा मॅसी,
लाल रंगाची नुसती अफवा उरलेली,
आणि मागच्या लोखंडी पेटीत छाटलेल्या फांद्या.
पेटी जमिनीला टेकलेली, म्हैस बसावी तशी.
ती उठल्याशिवाय तो हलणार कसा?

मी एकतीस वर्षं प्रेस दुरुस्त केल्या,
आधी किर्लोस्करवाडीला, मग टेलफर्डला.
ट्रॅक्टर कधी नाही. पण तेल ते तेल, दाब तो दाब.

आधी इंजिन. डिझेल येतंय? येतंय.
फिल्टर बदलला, नट सैल करून हवा काढली
बुडबुडे संपेपर्यंत.
बारा मिनिटं. खोकला. बंद.
पुन्हा. अकरा.
तिसऱ्यांदा मान टाकताना मी टाकीचं झाकण फिरवलं
तर आतून फुस्स झालं,
बुडता बुडता वर आलेला माणूस श्वास ओढतो तसं.
झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं.
आपल्याकडची कुंभारीण, तसल्याच इथल्या कुठल्या माशीने
त्यात चिखल लिंपून घर केलं होतं.
तारेने टोकरू लागलो.
हळू, ऑल्वेनबाई म्हणाल्या, आत कुणी असेल.
मी हळू केलं.

हात मात्र उठेनात.
तेल काढलं, तीन बादल्या,
दूध जास्त झालेल्या चहासारखं. पाणी शिरलेलं.
नवं भरलं. नाही.
गाळणी धुतली. नाही.
बाजूचं झाकण काढून दांडक्याने वॉल्व्ह हलवून पाहिला,
लोण्यात सुरी सरकावी तसा सरकला. तरी नाही.
दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मनातल्या मनात
मी अख्खा पंप उघडला होता,
सील मागवले होते, त्यांना किती सांगायचे तेही ठरवलं होतं.

मग उठताना आधाराला हात टेकला
सीटच्या डाव्या अंगाला, खाली, पोटरीपाशी.
वीतभर दांडी. पीटीओची. मोकळ्यावर.
पंप तिच्याच शाफ्टवर फिरतो.
ती मोकळी, तर पंप मुका.

दोन दिवस! एकतीस वर्षं!
काखेत कळसा, हे इंग्रजीत कसं म्हणायचं सुचेना,
म्हणून नुसता हसलो आणि विचारलं,
ही कुणी पाडली?

तोच पाडायचा, त्या म्हणाल्या. रोज.
उतरायच्या आधी ही, मग इंजिन.
त्याच्या भावाचा हात गेला होता ना शाफ्टमध्ये,
लाकूड कापताना, पोरवयात.

म्हणजे त्या दिवशीही.
पेटी खाली ठेवली, आठवणीने दांडी पाडली
आणि चहाला घरी गेला.

मी बाजूला झालो.
क्लच दाबा, म्हणालो, पूर्ण.
त्या चढून बसल्या, गमबुटासकट,
आणि दांडी पुढे ढकलायला त्यांना बराच वेळ लागला.
जोर कमी पडला म्हणून नव्हे.

खट्.

हात थरथरत उठले. पेटी उठली, फांद्या खडखडल्या.
एप्रिलमध्ये, म्हणे, त्यातल्या एकीला फुलं आली होती,
तोडलेली आहे हे तिला कुणी सांगितलं नसावं.
खाली पेटीच्या मापाचा एक चौकोन,
गवत पांढरं, चपटं, ऊन न पाहिलेलं.
त्या तिकडे बघत बसल्या.

मी तेलाच्या बादल्या उचलल्या.
इंजिन चालूच ठेवलं,
बारा मिनिटं केव्हाच होऊन गेली तरी.